यंत्राचा ठेका, माणसाचा हात

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या वाडीतल्या गणेशोत्सवात दर वर्षी एक रात्र ऑर्केस्ट्राची असायची. स्टेजच्या उजव्या बाजूला तालवाद्यांची फौज बसलेली असे. ढोलकी, तबला, कोंगो, बोंगो, ड्रमसेट, आणि या सगळ्यांच्या मागे खुळखुळा, घुंगरू, डफली असं काहीबाही वाजवणारा एक मध्यमवयीन गृहस्थ. 1980 चं दशक संपता संपता एका वर्षी आम्ही पाहिलं, तर त्या बाजूला एकच तरुण उभा होता. त्याच्यापुढे स्टँडवर आठ रबरी चौकोनांची एक पाटी आणि हातात दोन काठ्या. एका चौकोनावर काठी मारली की ढोलकी, दुसऱ्यावर मारली की घुंगरू, तिसऱ्यावर काच फुटल्याचा आवाज. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ते खुळखुळेवाले गृहस्थ त्या रात्री खाली खुर्चीवर बसून गाणी ऐकत होते. ते टाळ्या वाजवत होते की नाही, हे मला आठवत नाही. पण ते खाली बसले होते, एवढं मात्र मी विसरलेलो नाही.

त्या पाटीला आपण सगळे ऑक्टोपॅड म्हणून ओळखतो. आज भजनी मंडळापासून बेंजो पार्टीपर्यंत तो सगळीकडे आहे. त्याच्या आगेमागे जन्मलेल्या काही यंत्रांची हकीकत मी आज सांगणार आहे. सिंथेसायझर, ड्रम मशीन आणि सॅम्पलर ही ती तीन भावंडं. तिघांत फरक काय, तर सिंथेसायझर विजेच्या लहरींतून नवा आवाज घडवतो, कुंभार मातीतून मडकं घडवतो तसा. सॅम्पलर आधी वाजलेल्या आवाजाचा तुकडा उचलून साठवतो आणि हवा तेव्हा, हव्या त्या पट्टीत परत वाजवतो. म्हणजे तो फोटोग्राफर. आणि ड्रम मशीन हा न थकणारा ठेकेवाला. या यंत्रांच्या चाहत्यांमध्ये आजही वाद झडतात. कोणतं यंत्र सरस, कुणाचा आवाज खरा, कुणाचा ठेका जिवंत? हे वाद ऐकताना मला वाटतं, की त्यांच्या मुळाशी एक वेगळाच प्रश्न आहे. यंत्र वाजतं तेव्हा खरं कोण वाजवत असतं?

अहमदाबादचा मूग

सुरुवात अमेरिकेत झाली. न्यूयॉर्क राज्यातले अभियंते रॉबर्ट मूग यांनी 1964 मध्ये आपला पहिला सिंथेसायझर लोकांपुढे मांडला. कपाटाएवढं धूड, त्यावर बटणांच्या रांगा आणि टेलिफोन एक्स्चेंजसारख्या लोंबणाऱ्या तारा. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोकडे डॉन बुकला हेही अशाच यंत्रावर काम करत होते. दोघांच्या विचारात मात्र फरक होता. मूग यांनी यंत्राला पियानोसारख्या पट्ट्या जोडल्या. बुकला यांना वाटे, की पट्ट्या आल्या की लोक जुनंच संगीत वाजवणार. म्हणून त्यांनी त्या टाळल्या. बाजारात मूग जिंकले. 1968 मध्ये वेंडी कार्लोस यांनी मूगवर बाखचं संगीत वाजवून रेकॉर्ड काढली, ती तुफान खपली आणि हे यंत्र प्रयोगशाळेतून दिवाणखान्यात आलं.

हे यंत्र भारतात किती लवकर आलं, हे मात्र अनेकांना ठाऊक नसतं. 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला गेला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो तिथे उभा करून दिला. त्यामागे गीता साराभाई यांची प्रेरणा होती. पखवाज वाजवणाऱ्या आणि 1940 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या या विदुषी. त्या खोलीत चार-पाच भारतीयांनी काही वर्षं प्रयोग केले, ध्वनिफिती भरल्या आणि पुढे ते काम थांबलं. त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. 2023 मध्ये त्यांतल्या निवडक रचना रेकॉर्डच्या रूपाने बाहेर आल्या, तेव्हा जगाला कळलं की विजेच्या नादाशी भारताची ओळख पन्नास वर्षांहून जुनी आहे.

1970 मध्ये मूग यांनी कपाट मोडून सूटकेसएवढा मिनीमूग काढला. तो एका वेळी एकच स्वर वाजवू शके. पाश्चात्त्य वादकाला ही उणीव वाटायची, कारण त्याला एकावेळी तीन-चार स्वरांचा मेळ हवा असतो. आपल्या संगीताला मात्र एका वेळी एक स्वर पुरतो. बासरी आणि सनई याहून जास्त काय देतात? शिवाय मिनीमूगला एक चाक होतं. ते फिरवलं की स्वर पट्टीवरून घसरून वरखाली जाई. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य पहिल्यांदा आणणाऱ्यांत केरसी लॉर्ड यांचं नाव आदराने घेतलं जातं. तालवाद्यं, ग्लॉकेनस्पील, अकॉर्डियन अशी कितीतरी वाद्यं लीलया वाजवणारा हा पारशी कलावंत. ज्याच्या हाताला आधीच दहा वाद्यं ठाऊक होती, त्याने अकरावं वाद्य म्हणून ते यंत्र हाती घेतलं.

बंदीचा ठराव

पुढच्या दहा वर्षांत यंत्रं स्वस्त झाली आणि वादकांच्या पोटात गोळा आला. 1982 च्या मे महिन्यात ब्रिटनच्या वादक संघटनेच्या मध्य लंडन शाखेने एक ठराव केला, की सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांच्या वापरावर बंदी घालावी. निमित्त होतं गायक बॅरी मॅनिलो यांच्या दौऱ्याचं. त्यात वाद्यवृंदाच्या जागी सिंथेसायझर वापरले गेले होते. देशपातळीवर ही बंदी काही आली नाही आणि पुढे त्या ठरावाची पुष्कळ थट्टा झाली.

मला स्वतःला त्या ठरावाला हसावंसं वाटत नाही. मुंबईत काय झालं ते आठवून पाहा. 1950 ते 1970 च्या दशकांत हिंदी चित्रपटाच्या एका गाण्याला साठ-सत्तर, कधी शंभर वादक एका हॉलमध्ये बसत. त्यांत गोव्याहून आलेले ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने होते. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले, व्हायोलिन, ट्रम्पेट, चेलो वाजवणारे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा अशांनी या वाद्यवृंदांना घडवलं. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून की-बोर्ड आणि सॅम्पलर आले, आणि व्हायोलिनच्या रांगा एका माणसाच्या दहा बोटांखाली आल्या. शंभर माणसांचं काम चारांनी केलं, तर उरलेल्या शहाण्णव जणांचं काय होतं, हा प्रश्न थट्टेचा नाही. लंडनच्या त्या शाखेने उपाय चुकीचा सुचवला असेल. दुखणं मात्र खरं होतं.

खरा आवाज आणि खोटा आवाज

आता मूळ तुलनेकडे येऊ. 1980 मध्ये दोन ड्रम मशिन्स बाजारात आली. एक अमेरिकेचं, रॉजर लिन या गिटारवादक अभियंत्याचं एलएम-1. दुसरं जपानचं, रोलँड कंपनीचं टीआर-808. यांच्याइतकी बोलकी जोडी शोधून सापडणार नाही.

लिन यांनी खऱ्या ड्रमचे आवाज ध्वनिमुद्रित करून ते संगणकाच्या चिपमध्ये भरले. म्हणजे यंत्रातून ऐकू येई तो खऱ्या वादकाने मारलेला खरा ड्रम. किंमत सुमारे 5 हजार डॉलर. त्या काळी चिप इतकी महाग होती, की मोठ्या झांजेचा लांबत जाणारा नाद त्यात बसेना, म्हणून झांज वगळावी लागली. प्रिन्ससारख्या कलावंताने या यंत्राचं सोनं केलं.

808 ची किंमत होती 1195 डॉलर. त्यात एकही खरा आवाज नव्हता. विजेचा एक ठोका द्यायचा, त्याने एक मंडल घंटेसारखं थरथरायचं आणि हळूहळू विझायचं, हा त्याच्या ढोलाचा आवाज. त्याचं एक बटण फिरवलं की ती थरथर लांबत जाई, डग्ग्याची घुमार लांबावी तशी. झांजेचा आवाज मात्र वाफ सुटल्यासारखा, आणि काउबेलचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. खऱ्या ड्रमशी त्याचं नातं नावापुरतंच होतं. जाणकारांनी नाकं मुरडली. सुमारे 12 हजार नग निघाले आणि 1983 मध्ये उत्पादन थांबलं.

ते थांबण्याचं कारणही ऐकण्यासारखं आहे. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी पुढे सांगितलं, की 808 मधला तो चरचरीत नाद सदोष ट्रान्झिस्टरमधून येई. कारखान्यांनी नापास केलेले ट्रान्झिस्टर ते मुद्दाम विकत घेत. पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याचं तंत्र सुधारलं, नापास माल निघेनासा झाला आणि यंत्राचा प्राणच गेला.

काकेहाशींचं आयुष्यही त्या ट्रान्झिस्टरसारखंच, नाकारल्या गेलेल्या मालातून काहीतरी उभं करणारं. 1930 मध्ये ओसाकात जन्म. आई-वडील क्षयाने लहानपणीच गेले. महायुद्धानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान काढलं. मग स्वतःलाच क्षय झाला आणि तीन वर्षं इस्पितळात गेली. त्या काळी नव्या असलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने ते वाचले. संगीताचं शिक्षण त्यांनी कधी घेतलं नव्हतं. 1972 मध्ये त्यांनी रोलँड काढली. संगीत न शिकलेल्यालाही वाद्य हाती धरता यावं, ही त्यांची आयुष्यभराची ओढ होती.

808 चं पुढे काय झालं? बाजारात पडलेलं हे यंत्र सेकंडहँड दुकानांत कवडीमोलाने मिळू लागलं. ज्यांच्याकडे 5 हजार डॉलर नव्हते, त्यांच्या हाती ते आलं. 1982 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या आफ्रिका बंबाटा यांचं ‘प्लॅनेट रॉक’ निघालं. त्याचे निर्माते आर्थर बेकर यांनी सांगितलं आहे, की त्यांच्याकडे स्वतःचं 808 नव्हतं. वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून यंत्र आणि ते चालवणारा माणूस त्यांनी वीस डॉलरला बोलावला. त्याच वर्षी मार्विन गे यांनी बेल्जियममधल्या ओस्टेंड या समुद्रकाठच्या गावी 808 च्या साथीने ‘सेक्शुअल हीलिंग’ केलं. कर्ज, घटस्फोट, व्यसनं यांनी खचलेला तो गायक आणि साथीला ते ठोकळेबाज, पण शांत यंत्र. आज अमेरिकेतल्या हिप-हॉपमध्ये तो लांबणारा ढोल इतका मुरला आहे, की ‘808’ हे त्या आवाजाचं सामान्यनामच झालं आहे.

म्हणजे हिशेब असा लागला: जो आवाज खऱ्याची नक्कल होता, त्याला पुढच्या वर्षी जास्त चांगल्या नकलेने मागे टाकलं. जो आवाज कशासारखाच नव्हता, त्याची जागा कुणालाच घेता आली नाही.

मींड घेणारा डबा

रोलँडची दुसरी फजिती याहून मोठी. 1981 च्या अखेरीस त्यांनी टीबी-303 नावाचा चंदेरी डबा काढला. एकट्या गिटारवाल्याला बेस गिटारची साथ मिळावी, हा हेतू. किंमत 395 डॉलर. आवाज बेस गिटारसारखा अजिबात नाही, आणि त्यात सुरावट भरणं म्हणजे डोक्याला ताप. स्वर वेगळे भरायचे, त्यांचा काळ वेगळा. 1984 पर्यंत दहा हजारांच्या आसपास नग निघाले आणि कारखाना थांबला. पुढे शिकागोतल्या काही कृष्णवर्णीय तरुणांनी सेकंडहँड 303 घेऊन त्याची बटणं वाजत असतानाच फिरवली. आवाज चिरकला, वळला, पिळला गेला. 1987 मध्ये त्यांच्या फ्यूचर या गटाने ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रेकॉर्ड काढली आणि नृत्यसंगीताचा एक नवा प्रकार जन्मला, असं इतिहास सांगत होता.

त्या इतिहासाला मुंबईने धक्का दिला. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक. गिटार, की-बोर्ड वाजवणारे. 1982 मध्ये त्यांनी तीन यंत्रं एकत्र जोडली: टीआर-808, टीबी-303 आणि रोलँडचाच ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर. त्यावर त्यांनी दहा राग वाजवले. ललत, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस वगैरे. खाली डिस्कोचा ठेका आणि वर राग. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली. ती फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. वीस वर्षांनी, 2002 मध्ये, एका डच संग्राहकाला दिल्लीतल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात ती सापडली आणि 2010 मध्ये त्याने ती पुन्हा काढली. युरोपातल्या जाणकारांनी कानांवर हात ठेवले. हे शिकागोच्या पाच वर्षं आधी? शक्यच नाही, कुणीतरी केलेली थट्टा आहे, असंही काहींनी म्हटलं. सत्तरी गाठलेल्या चरणजितजींनी मग युरोपात जाऊन त्याच यंत्रांवर कार्यक्रम केले. 2015 मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

इथे दोन गोष्टी नीट वेगळ्या ठेवायला हव्यात. शिकागोच्या मुलांनी मुंबईची रेकॉर्ड ऐकली होती असं नाही. त्यांचा शोध त्यांचाच. आणि चरणजितजींनी नवा प्रकार शोधायचा म्हणून हे केलं असंही नाही. मग दोघांचा आवाज एकमेकांसारखा का? उत्तर यंत्रात आहे. 303 मध्ये एक सोय आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना तो सुटा न वाजता घसरत जातो. बेस गिटारची नक्कल म्हणून दिलेली ही सोय. पण मुंबईच्या वादकाच्या कानाला ती काय वाटली असेल? मींड! ज्याच्या मनात मालकंस आहे, त्याला सरकणारा स्वर कुठे वापरायचा हे सांगावं लागत नाही. डबा तोच होता. एकाने त्यात राग पाहिला, दुसऱ्याने नाच पाहिला.

आंदोलनातून निघालेलं यंत्र

रोलँड आणि मूग यांच्या चाहत्यांना न आवडणारं एक नाव आता घेतो. यामाहाचा डीएक्स-7. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगीतकार जॉन चाउनिंग 1967 मध्ये संगणकावर स्वराला आंदोलन देऊन पाहत होते. आंदोलनाचा वेग वाढवत नेला, तर एका टप्प्यानंतर आंदोलन ऐकू येणंच बंद झालं आणि स्वराचा पोतच बदलला. घंटा, पितळी भोंगा असे नाद त्यातून निघू लागले. हा शोध यामाहाने परवाना घेऊन वापरला आणि 1983 मध्ये डीएक्स-7 आला. किंमत 2 हजार डॉलरच्या आत. पुढच्या काही वर्षांत दीड-दोन लाखांच्या घरात नग खपले. मूगच्या यंत्राला हा आकडा स्वप्नातही दिसला नव्हता.

पण आवाज बदलण्यासाठी डीएक्स-7 मध्ये एका छोट्या पडद्यावर आकडे भरावे लागत. ते इतकं किचकट होतं, की बहुतेक वादक कंपनीने भरून दिलेलेच बत्तीस आवाज वापरत. 1980 च्या दशकातली प्रेमगीतं ऐकताना तोच तो काचेसारखा पियानो ऐकू येतो, त्याचं कारण हे. मिनीमूगचं प्रत्येक बटण हाताखाली होतं, म्हणून त्याचा आवाज वादकागणिक बदलला. डीएक्स-7 बुद्धीने श्रेष्ठ होता. पण त्याने हाताला दूर ठेवलं, म्हणून जगभर तो एकाच आवाजात बोलत राहिला. या दोघांत मला एकच निवडायला सांगितलं, तर मी मिनीमूगकडे वळेन, ते या एका कारणासाठी.

त्याच 1983 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका पाच पिनांच्या तारेने जोडले गेले. एकावर पट्टी दाबली, दुसरं वाजलं. ही ‘मिडी’ पद्धत. काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांनी ती पुढे रेटली आणि कुणाकडूनही स्वामित्वशुल्क घेतलं नाही. म्हणूनच ती सर्वांची झाली. 2013 मध्ये दोघांना मिळून तंत्रज्ञानाचं ग्रॅमी मिळालं. आपल्या त्या ऑक्टोपॅडच्या तरुणाला एका काठीने दुसऱ्या पेटीतली ढोलकी वाजवता आली, तीही या तारेमुळेच.

उचललेला आवाज कुणाचा?

आता तिसरं भावंड, सॅम्पलर. 1979 मध्ये सिडनीच्या पीटर वोगल आणि किम रायरी या मित्रांनी फेअरलाइट नावाचं यंत्र आणलं. त्यात कुठलाही आवाज भरा, आणि पट्ट्यांवर वाजवा. कुत्र्याच्या भुंकण्याचं सप्तक करता येई. किंमत एका घराइतकी, म्हणून ते बड्या कलावंतांकडेच राहिलं. 1987 मध्ये अमेरिकेच्या ई-म्यू कंपनीचं एसपी-1200 आलं. त्यात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावे. न्यूयॉर्कच्या मुलांनी शक्कल काढली: जुनी रेकॉर्ड जास्त वेगाने फिरवून भरायची आणि यंत्रात तिचा वेग उतरवायचा. जागा वाचे, आणि आवाजाला एक खरखरीत, धुळकट पोत येई. पुढे तो पोतच लोकांना हवासा झाला.

पण इथे यंत्राच्या मागचा माणूस पुन्हा समोर उभा राहतो. 1969 मध्ये द विन्स्टन्स या गटाच्या एका रेकॉर्डवर ग्रेगरी कोलमन यांनी काही सेकंद एकट्याने ड्रम वाजवले. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. लंडनमधला एक अख्खा संगीतप्रकार त्यावर उभा राहिला. कोलमन यांना त्याचा एक पैसाही मिळाला नाही. 2006 मध्ये ते गेले तेव्हा बेघर होते. ‘फंकी ड्रमर’ वाजवणारे क्लाइड स्टबलफील्ड यांचीही गोष्ट अशीच.

आपल्याकडचं उदाहरण ताजं वाटेल. 1981 च्या ‘ज्योती’ चित्रपटात बप्पी लाहिरींच्या संगीतात लतादीदींनी गायलेल्या एका गाण्याचा तुकडा 2002 मध्ये अमेरिकेतल्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गाण्यात सर्रास वापरला गेला, न विचारता. लाहिरी न्यायालयात गेले. 2003 मध्ये अमेरिकी न्यायालयाने हुकूम दिला, की त्यांचं नाव घातल्याशिवाय ही सीडी विकायची नाही. लाहिरींना नाव तरी मिळालं. कोलमन यांना तेही जिवंतपणी मिळालं नाही.

चुकीला जागा

शेवटचं यंत्र पुन्हा रॉजर लिन यांचं. 1986 मध्ये त्यांची कंपनी बंद पडली. जपानच्या आकाई कंपनीने त्यांना हाताशी धरलं आणि 1988 मध्ये एमपीसी-60 आला. सॅम्पलर आणि ठेकेवाला एकाच पेटीत, वर सोळा रबरी चौकोन.

लिन यांनी आधीच्या यंत्रापासूनच दोन गोष्टी आणल्या होत्या. पहिली, चूक दुरुस्ती. तुम्ही थोडं आधी किंवा उशिरा वाजवलंत, तरी यंत्र तो ठोका बरोब्बर जागेवर नेऊन बसवतं. दुसरी गोष्ट पहिलीच्या उलट. दर दुसरा ठोका किंचित उशिरा पाडायचा. पन्नास टक्के ठेवलं तर सरळसोट चाल, सहासष्ट टक्के केलं तर डुलणारी चाल. आपला भजनी ठेका आठवा. तो घड्याळासारखा पडला तर टाळ वाजतील, पण माणसं डोलणार नाहीत. हा डुलण्याचा हिशेब लिन यांनी आकड्यांत पकडला.

डेट्रॉइटच्या जे डिला या तरुणाने त्याच्याही पुढे पाऊल टाकलं. त्याने अनेकदा चूक दुरुस्ती बंदच केली. बोटांनी जसा ठोका पडेल तसा ठेवला. थोडा उशिरा, थोडा लडखडता. ऐकणाऱ्याला वाटावं, की कोणी माणूस वाजवतोय, तोही जरा पेंगुळलेला. 2006 मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो आजाराने गेला. त्याचा एमपीसी आज वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवला आहे. खऱ्या वाद्यांच्या तरुण ड्रमरांनी पुढे त्या यंत्रातली लडखड शिकून घेतली. यंत्राने माणसाची नक्कल करायची म्हणून सुरुवात झाली होती. शेवटी माणसं यंत्रातल्या माणसाची नक्कल करू लागली.

पेटीचा धडा

आपल्याला हे सगळं नवीन वाटायचं कारण नाही. 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर बंदी घातली. आक्षेप काय होते? ही परदेशी यंत्रपेटी आहे, हिचे स्वर ठोकलेले आहेत, हिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत. आक्षेप सगळे खरे होते. 1971 पर्यंत बंदी टिकली. पण त्याआधी आणि त्या काळातही गोविंदराव टेंबे यांच्यापासून कितीतरी मराठी वादकांनी त्याच सदोष पेटीतून असं काही काढलं, की ती आपल्या रंगभूमीची आणि आपल्या बैठकीची झाली. खोट पेटीत होती. तिच्यावर मात हाताने केली.

म्हणून कोणतं यंत्र सरस, या प्रश्नाचं माझं उत्तर असं. ज्याच्यात हाताला शिरायला जागा आहे, ते सरस. 808 मध्ये ती बटणात होती, 303 मध्ये घसरणाऱ्या स्वरात, एमपीसीमध्ये चूक दुरुस्ती बंद करण्याच्या एका कळीत. जिथे ती जागा नव्हती, ती यंत्रं खपली खूप, पण एकाच सुरात बोलली.

आणि दुसरा हिशेबही सोडता येणार नाही. यंत्राने कुणाला तरी वाद्य दिलं, तसं कुणाचं तरी घेतलं. ब्राँक्सच्या मुलाला ऑर्केस्ट्रा मिळाला, गोव्याच्या व्हायोलिनवाल्याची खुर्ची गेली. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं फिटत नाही. आता तर संगणक माणसाचा गळाही उचलू लागला आहे. तेव्हा नवं यंत्र आलं, की त्याला हसण्याआधी किंवा टाळ्या वाजवण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. यात कुणाचा हात आहे? आणि त्या हाताचं नाव, त्याचा मोबदला, त्याला मिळाला का?

आमच्या वाडीतल्या त्या रात्री ऑक्टोपॅडवर जो घुंगरांचा आवाज वाजला, तोही कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी हाताने वाजवलेला असणार. त्याचं नाव मला माहीत नाही. खाली खुर्चीवर बसलेल्या त्या गृहस्थांचं नाव मात्र वाडीत सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी आरतीला झांजा त्यांनीच धरल्या.